हक्कसोडपत्राच्या नमुन्यातली मुलगी

माझ्या टेबलाच्या पुढच्या फळीवर मी एक कागद चिकटवला आहे. ठळक, मोठ्या अक्षरात: ‘येथे सोडचिठ्ठी टाईप करून मिळणार नाही.’ माणूस येतो, पाटी वाचतो, पाटीवरच हात टेकवतो आणि विचारतो, “काका, सोडचिठ्ठीचं किती घेता?” मागच्या दिवाळीपासून मी टिपून ठेवतो आहे. एकवीस जण झाले. एकवीसही जण शाळा शिकलेले.

वडूजला कोर्टासमोर रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल आहे. सव्वीस वर्षं झाली. आधी टाईपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, संमतीपत्रं, वारसाचे अर्ज, वकिलांनी हातानं लिहून दिलेले दावे मी टाईप करतो. मी वकील नाही. कायदा मला येतो तो माझ्या बोटांखालून गेला तेवढाच. पण तेवढ्यावरही सांगतो की नवराबायकोच्या भांडणात आमच्या भागातली माणसं जेवढा कायदा स्वतःच्या मनानं करतात, तेवढा दिल्लीतही होत नसेल.

एकानं मला सांगितलं, बायकोनं माहेरी जाताना गाभण म्हैस नेली, ती पोटगीत धरा. दुसरा फौजी. लग्न पंधरा दिवसांच्या रजेत उरकलं होतं, मग घटस्फोटाला सहा महिने का, म्हणून माझ्यावरच डाफरला. तिसऱ्याला दोन मुलं होती. तो म्हणाला, “ल्हा, पोरगा माजा, पोरगी तिची. वाटणी सरळ हाय की.” मी म्हटलं, “मुलं म्हणजे विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आहेत काय?” तर म्हणतो, “आवं, पाळीवरनं तर जास्त भांडणं हुत्यात.”

बाहेरच्या वाचकासाठी आधी सोडचिठ्ठी सांगतो. नवराबायकोचं पटेनासं झालं की दोन्हीकडची पाचपाच माणसं बसतात, चहा होतो, आवाज चढतात, शेवटी ठरतं. मग सगळी जीप करून तालुक्याला येतात. स्टॅम्प घ्यायचा, त्यावर ‘राजीखुशीनं विभक्त होत आहोत’ असं टाईप करायचं, दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या, वर नोटरीचा गोल शिक्का. झाला घटस्फोट. दुपारच्या जेवणाला सगळे घरी. पूर्वी शंभराचा स्टॅम्प चालायचा, आता पाचशेचा लागतो. कागद महागला, पण या कामी त्याची किंमत पूर्वी होती तेवढीच आहे. शून्य.

हिंदू लग्न मोडायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायदा ती मानतो, पण ती रूढी खरंच आहे हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि ते करायला कुणी जात नाही. दोघं राजी असतील तर वर्षभर वेगळं राहिल्यावर एकत्र अर्ज करायचा, साधारण सहा महिने थांबायचं, कधी कोर्ट तेही माफ करतं. एवढं सोपं आहे. पण गोल शिक्क्याची आमच्याकडे जी जरब आहे ती हुकुमाची नाही. शिक्का मारणारा फक्त एवढंच सांगत असतो की सही करणारा माणूस हाच आहे. सहीच्या वर काय लिहिलंय त्याची हमी तो देत नाही.

हे सगळं मला आज पाठ आहे. साडेपाच वर्षांपूर्वीही ऐकून माहीत होतं. तरी मी सोडचिठ्ठ्या टाईप करत होतो, एका कागदाचे साडेतीनशे. लोक मागतात, मी टाईप करतो, एवढाच माझा हिशोब होता. ती पाटी का लागली ते आता सांगतो. नावं बदललेली आहेत.

अंकुश आमच्याच तालुक्यातला, सैन्यात नाईक. त्याची बायको रेश्मा, माहेर कुंडलचं. नवरा सीमेवर, ही सासरी सासूसासऱ्यांजवळ. सासूशी पटेना. दोनदा माहेरी गेली, दोनदा आणून सोडली, तिसऱ्यांदा बैठक बसली. तिचे वडील वारलेले, भावाच्या घरात आधीच पाच माणसं. पंचांनी ठरवलं: वेगळं व्हायचं, आणि मुलगी बापाच्या घरी राहील. मुलीचं नाव आर्वी. वय चार वर्षं तीन महिने. कागदावर वय मीच टाकलं म्हणून लक्षात आहे.

पंचांनी मला सांगितलं होतं ते एकच वाक्य: “पोरगी बापाकडं राहील.” पण मला अर्धवट कागद आवडत नाही. माझ्याकडे सोडचिठ्ठीचा जो नमुना होता तो मी जमिनीच्या हक्कसोडपत्रावरून तयार केला होता. बहिणी भावाच्या नावानं वडिलांच्या जमिनीवरचा हिस्सा सोडतात, तो कागद. आमच्याकडे आठवड्याला तीनचार होतात. त्याची भाषा मी वर्षानुवर्षं घासून पक्की केलेली. त्यातल्या दोन ओळी मी उचलल्या आणि ‘सदर मिळकत’ असेल तिथं ‘सदर मुलगी’ टाकलं. ‘सदर मुलीवर माझा कसलाही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही व भविष्यात राहणार नाही. तिची भेट, ताबा अथवा पोटगी याबाबत मी अगर माझे वारस कोणतीही तक्रार करणार नाही.’

‘माझे वारस’! त्या बाईची वारस ती मुलगीच. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. उलट कागद वाचून दाखवल्यावर तिचा सासरा, त्याला सगळे तात्या म्हणतात, खूश झाला. “व्हय, असा पायजे कागद. फट न्हाई कुठं.” मलाही बरं वाटलं. रेश्मा तेव्हा तेवीस वर्षांची. तिनं विचारलं, “हितं सही करू का खाली?” मी बोट ठेवून जागा दाखवली.

पुढे चार वर्षं आणि पाच महिने या माणसांचं काय झालं याच्याशी माझा काही संबंध नव्हता. एके दिवशी अंकुश रजेवर आलेला, कागद घेऊन टेबलाशी उभा. कागद लॅमिनेशन करून ठेवलेला. त्यानं दुसरं लग्न केलं होतं, ती बायको गरोदर होती, आणि तिचं नाव नोकरीच्या कागदांत लावायला गेल्यावर पलटणीच्या ऑफिसनं विचारलं, पहिलीचा कोर्टाचा हुकूम कुठाय?

“काका, हा कागद त्यांनी परत दिला. म्हनं असला कागद चालत न्हाई. तुमीच टाईप केलाय की ह्यो.”

“मी टाईप केला. मी घटस्फोट दिला नाही.”

“मग मी लगीन कसं केलं?”

“ते तू सांग. कायद्यानं तुझी बायको रेश्माच आहे. दुसरीचं लग्न लग्नच नाही. पहिलीनं तक्रार केली तर केस होईल ती वेगळीच.”

नाईक माणूस, सीमेवर उभा राहणारा, माझ्या बाकावर मटकन बसला. वर म्हणतो, “पन शिक्का हाय की गोल.”

मी त्याला आमच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंकडे पाठवलं. बाईंनी त्याला एकच रस्ता सांगितला: रेश्मा राजी असेल तर दोघांचा मिळून अर्ज, हुकूम झाल्यावर दुसरीशी रीतसर लग्न. म्हणजे आता त्याला रेश्माची सही पाहिजे होती. ती शिरवळला एका कारखान्यात पॅकिंगला होती, तीन मुलींबरोबर खोली करून राहायची. निरोप गेला, ती आली. वकीलबाई कोर्टात अडकल्या होत्या म्हणून माझ्याच बाकावर थांबली. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं.

“काका, पुन्हा कशाला सही? मी मागंच केली की. तुमीच दाखवली जागा.”

मी तिला सांगितलं की तो कागद घटस्फोट म्हणून चालत नाही.

“म्हंजे काय?”

“म्हणजे कायद्यानं तुमचं लग्न अजून आहे.”

मग तिनं जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. नवऱ्याचं तिनं काहीच विचारलं नाही.

“आनि त्यातलं पोरीचं?”

“तेही नाही. मुलीवरचा हक्क असा लिहून सोडता येत नाही. मुलाची पोटगीसुद्धा आईला सोडता येत नाही, ती मुलाची असते.”

“म्हंजे मला आर्वीला भेटता येत हुतं?”

“येत होतं.”

“आवं काका, मी दोनदा गेले तिथं. एकदा नागपंचमीला, एकदा तिच्या वाढदिवसाला. तात्यांनी दारातच कागद दाखवला. लॅमिनेशन केल्याला. म्हनले, वाचता येतंय न्हवं? भेट बी सोडलीयास. मी दारातनं परत आले. मला वाटलं पोलीस धरतील. चार वर्सं मी त्या गावची यष्टी दिसली तरी मान फिरवली.”

रडली वगैरे नाही. पाण्याची बाटली उघडली, प्यायली, झाकण लावलं. मग म्हणाली, “सही देते. पन आधी पोरगी.”

त्या संध्याकाळी मी घरी बायकोला सांगितलं. म्हटलं, मी फक्त टाईप केलं, ठरवलं त्यांनीच. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “भेट सोडायची बी त्यांनीच ठरवली व्हती का?” माझ्याकडे उत्तर होतं: नाही, ती ओळ नमुन्यातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम पाटीचं केलं. शेजारचा टाईपवाला म्हणाला, “काय गड्या, धंदा सोडला व्हय? मग माझ्याकडं पाठव.” आणि अजूनही त्याच्याकडे जातात. पाटी लावून मी बंद काहीच केलं नाही, फक्त वीस पावलं पुढं सरकवलं.

रेश्मानं आर्वीसाठी कोर्टात अर्ज दिला. आता मुलांच्या ताब्याचा कायदा, जेवढा मला कळला तेवढा. पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडे ठेवतात. त्यापुढे कोर्ट बघतं ते एकच, मुलाचं हित कशात आहे. ते जिथं रुळलंय, शाळा कुठं, बघायला कोण, मुलाला स्वतःला काय वाटतं. बाप श्रीमंत की आई गरीब यानं ठरत नाही, आणि कुणाच्या घराण्याचं यानं तर नाहीच. हे वाचून कुणालाही बरं वाटेल. आता आकडे मांडा. कागदाच्या दिवशी आर्वी चार वर्षं तीन महिन्यांची होती. त्या दिवशी रेश्मा माझ्या टेबलाऐवजी समोर कोर्टाच्या फाटकातून आत गेली असती, तर मुलगी बहुतेक तिच्याचकडे राहिली असती. आता आर्वी आठ वर्षं आठ महिन्यांची. कागद कायद्यानं शून्य होता, पण त्याच्या जोरावर गेलेली चार वर्षं पाच महिने कोर्टानं मोजली. मोजायलाच हवी होती. मुलगी तेवढे दिवस आजीच्या कुशीत झोपली होती, ते कुणाला खोडता येणार?

न्यायाधीशांनी आर्वीला खोलीत बोलावून एकटीशी बोलून घेतलं. तिनं सांगितलं, आजीजवळ राहायचंय. वकीलबाईंनी रेश्माला समजावलं, लढलीस तर मिळूही शकेल, बाप तर इथं नसतोच, पण वेळ लागेल. रेश्मा म्हणाली, “वढून न्हेली तर ती माझी कशी हुईल? आधी वळख तर हुंदे.”

मग कोर्टानं आधी भेटी लावल्या. महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते एक, कोर्टाच्या आवारात. आवारात बसायची सोय म्हणजे कडुनिंबाचा पार, आणि त्यावर आधीच पक्षकार बसलेले. म्हणून सगळ्यांच्या संमतीनं त्या भेटी रस्त्याच्या या बाजूला माझ्या बाकावर होऊ लागल्या. बाक सहा फुटी. एका टोकाला आजी, तिचा पदर मुठीत धरून आर्वी, दुसऱ्या टोकाला रेश्मा. मधले तीन फूट मोकळे.

पहिल्या शनिवारी रेश्मानं फ्रॉक आणला होता. निळा, चांगला महागाचा. आर्वीच्या पाठीला लावून बघितला तर खांदेच बसेनात. पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक होता. तिच्या डोळ्यांसमोर जेवढी मुलगी होती, तेवढ्या मापाचा. आजी फटकन बोलली, “आई म्हनवतीस आनि माप म्हाईत न्हाई.” मला राहवलं नाही. म्हटलं, “आजी, माप माहीत नाही ते माझ्या कागदामुळं आणि तुमच्या लॅमिनेशनमुळं.” आजी माझ्याशी दोन शनिवार बोलली नाही. तिसऱ्याला स्वतःच म्हणाली, “काका, मला बी वाचता येत न्हाई वो. ह्यांनी सांगितलं, कागदात हाय. मी म्हनलं, आसंल.”

सहा महिने, बारा शनिवार. त्यातले दोन तात्यांनी ‘पोरीला ताप हाय’ म्हणून बुडवले. ताप दोन्ही वेळा अकरा ते एक. बाकी दहांत मधलं अंतर कमी होत गेलं. मी मोजलं नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल.

शेवटी तडजोड झाली. घटस्फोट दोघांच्या संमतीनं. आर्वी शाळा असताना आजीआजोबांकडे, महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि प्रत्येक सुट्टीतली निम्मी सुट्टी आईकडे. अंकुश मुलीसाठी दरमहा बँकेत रक्कम टाकेल. तो म्हणाला, “मी तिच्याकडनं काय मागत न्हाई.” तर रेश्माच उठली. “मागू नको. मी माझ्या मनानं देनार. आठशे का असंनात. त्या पासबुकात माझं नाव पायजे.” वकीलबाईंनी तसं घातलं. आणि खाली एक कलम, जे मी आता सगळ्यांना तोंडी सांगत फिरतो: मुलाच्या ताब्याचा हुकूम दगडावरचा नसतो, मूल वाढतं तसा तो बदलून मागता येतो. तडजोडपत्र मीच टाईप केलं. प्रत्येक ओळ तीनदा वाचली. कुठलाही नमुना वापरला नाही. अंकुशनं हुकूम हातात पडल्यावर दुसरीशी पुन्हा लग्न केलं, नोंदणी करून. मुलगा कडेवर होता.

इथं हे संपायला हवं होतं. पण मागच्या दिवाळीआधी एका शनिवारी सगळे पुन्हा माझ्या टेबलाशी आले. तात्या, आजी, रेश्मा आणि मध्ये आर्वी. तात्यांच्या हातात शाळेचा सुट्टीचा कागद.

“काका, सुट्टी पंधरा दिवसाची हाय. निम्मी म्हंजे किती?”

साडेसात. ‘निम्मी’ टाईप करताना सम-विषम मला सुचलं नव्हतं. तीनदा वाचूनही.

“साडेसात म्हंजे आठव्या दिशी दुपारी बारा वाजता पोरगी न्हेऊन सोडायची व्हय?” तात्या.

“पयले आठ आमाला, मागचे सात तिला,” आजी म्हणाली. “ह्या साली भाऊबीज आठव्या दिशी हाय, तवा पोरगी हितंच पायजे. तिला भाऊ झालाय. ववाळाय नगं?”

“आठ मला,” रेश्मा म्हणाली. “मी भावाकडं कुंडलला जानार. पाच वर्सांत पोरीला तिचा मामा दिसला न्हाई. भाऊबीज तिथंच करनार आमी.”

“मामाला काय, वर्सभर हाय!”

“मग भावाला बी वर्सभर हाय की. बारका हाय, त्याला कळतंय काय!”

एका दिवसासाठी पाऊण तास. मी म्हटलं, वकीलबाईंना विचारा. बाईंचा फोन लागेना. मी म्हटलं, चिठ्ठी टाका. कुणी तयार होईना. तात्या म्हणाले, कोर्टात अर्ज देऊ. एका दिवसासाठी अर्ज! त्याची तारीख सुट्टी संपल्यावर पडली असती. मी वैतागून म्हटलं, “भाऊबीज सकाळी इथं करा, दुपारी कुंडलला करा.” तर दोन्हीकडून एकदम, “आनि यष्टी कुठाय?”

आर्वी बाकाच्या मधोमध बसली होती. शाळेचा कागद तिनं आजोबांच्या हातातून कधी घेतला, मला दिसलं नाही. बोट ठेवून तारखा मोजत होती.

“काका,” ती म्हणाली, “सुट्टी सोळा दिवस करा.”

“शाळेनं पंधरा दिलीय बाळा.”

“शाळा सोमवारी उघडतीया. मी मंगळवारी जाते. म्हंजे सोळा. आठ आनि आठ. भाऊबीजंला हितं ववाळते, आनि मग मामाकडं. मामाला चालंल का गं, एक दिवस उशिरा?”

रेश्मानं मान हलवली. तात्या म्हणाले, “आनि मास्तरीन रागावली तर?”

“मला रागावंल. तुमाला कुठं?”

आजी पदरानं चष्मा नसलेले डोळे पुसत राहिली. तात्या म्हणाले, “काका, ह्ये ल्हून द्या. उद्या कोन फिरायला नगं.”

मी साधा कोरा कागद घातला. स्टॅम्प नाही, शिक्का नाही. आणि माझ्या सव्वीस वर्षांत टाईप केलेल्या कागदांपैकी ज्यात एकही शब्द कमीजास्त नाही असा मला वाटतो, तो हाच:

‘शाळेने दिलेली सुट्टी, दिवस पंधरा. मुलीने दिलेला, दिवस एक. एकूण सोळा. प्रत्येकी आठ.’

तात्यांनी वाचला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवताना विचारलं, “ह्याला लॅमिनेशन करू का?”

आर्वी म्हणाली, “नको. पुढच्या सुट्टीला खोडाय लागंल.”